खिडकीबाहेरची सावली

उन्हाळ्याची चाहूल लागली की मराठी घरात, मग ते घर पुण्यात असो, इंदुरात असो की दिल्लीत, दोन कामे न सांगता होतात. माळ्यावरचा माठ खाली येतो आणि खिडक्यांना जाड पडदे लागतात. माठाच्या शहाणपणाविषयी वाद नाही. पडद्याविषयी मात्र थोडा आहे. पडदा ओढला की खोलीत अंधार होतो, आणि अंधार म्हणजेच गारवा अशी मनाची समजूत होते. पण तासाभराने त्याच पडद्याला हात लावून पाहावा. तो नुकत्याच इस्त्री केलेल्या कपड्यासारखा तापलेला असतो. काच ही मोठी लबाड वस्तू आहे. सूर्याचे किरण ती बिनतक्रार आत सोडते. परंतु तेच किरण पडद्यावर, भिंतीवर आणि फरशीवर पडून त्यांची उष्णता झाली, की त्या उष्णतेला ती सहजासहजी बाहेर जाऊ देत नाही. म्हणून काचेच्या आत ओढलेला पडदा म्हणजे आगंतुक माजघरात येऊन बसल्यावर दाराला लावलेली कडी होय. ऊन अडवायचे तर ते काचेच्या बाहेरच अडवले पाहिजे.

खिडकीवर किंवा दारावर बाहेरच्या बाजूने कापड ताणून केलेल्या सावलीला दुकानदार ‘ऑनिंग’ म्हणतात. घरची माणसे साधेपणाने कापडी छत म्हणतात. वस्तू नवी नाही. संस्कृतातील ‘वितान’ हा शब्द, आणि मराठीत मुरलेले चांदवा, कनात, शामियाना हे शब्द त्याच कुळातले आहेत. रोममध्ये इसवी सन ८० मध्ये खुल्या झालेल्या कोलोसियम या प्रचंड क्रीडागारावर प्रेक्षकांना सावली मिळावी म्हणून कापडाचे छत ओढले जाई, आणि त्या कामावर आरमारातील खलाशी नेमलेले असत. या नेमणुकीत मोठा अर्थ आहे. कापड, दोर आणि वारा या तिघांचा स्वभाव ज्याला ठाऊक, त्यानेच या कामाला हात घालावा, हे त्या राज्यकर्त्यांना कळले होते. आज रविवारी सकाळी बाजारातून छत आणून दुपारपर्यंत ते भिंतीवर ठोकणाऱ्या गृहस्थाला हे नेहमीच कळते असे नाही.

अशाच एका घराचे उदाहरण घ्यावे. घर नागपुरातले, बैठे, पुढे-मागे थोडे अंगण असलेले. मालक बँकेत नोकरीला. घरात पत्नी, शाळेत जाणारा मुलगा आणि पंचाहत्तरी ओलांडलेली आई. आजी मूळच्या कोकणातल्या; लग्न होऊन विदर्भात आल्या त्याला पन्नासहून अधिक वर्षे झाली. त्यांची खोली पश्चिमेची. फाल्गुन संपेपर्यंत ही खोली घरातली सर्वांत प्रसन्न जागा असे. वैशाखात मात्र दुपारी तीननंतर तिथे बसवत नसे. नागपूरला मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पलीकडे जातो. कूलर होता, पण वीज गेली की तो मुका. मग आजी आपली चटई घेऊन स्वयंपाकघराच्या फरशीवर येऊन पडत. तरुण माणूस उन्हाने हैराण होतो. वृद्ध माणसाचे शरीर मात्र उष्णता बाहेर टाकण्याच्या कामात थकलेले असते, आणि त्याला तहानही वेळेवर लागत नाही. उष्माघात रस्त्यावरच्या उन्हातच होतो असे नाही. बंद, तापलेल्या खोलीतही तो माणसाला गाठतो. तेव्हा या घराला छताची गरज वाटली ती शोभेसाठी नव्हे.

एप्रिलमधल्या एका रविवारी छत आले. निळ्या प्लॅस्टिकची ताडपत्री, पातळ पाइपांची चौकट, चार स्क्रू. खिडकीच्या माथ्यावर ते जवळजवळ आडवे, मंडपाच्या कापडासारखे बसवले गेले. महिनाभर घर समाधानात होते, जरी पाच वाजता आजींच्या पलंगावर उन्हाचा पट्टा पूर्वीसारखाच पडत होता. मेच्या मध्यावर एका संध्याकाळी वळीव आला. प्रथम धूळ, मग वारा, मग गारा. छत फुगले, खाली बसले, त्यात पाणी साठले, पुन्हा वाऱ्याने उचलले. आणि चौथ्या-पाचव्या हिसक्याला ते गिलाव्याचे पोपडे बरोबर घेऊन अंगणात कोसळले. खाली मुलाची सायकल होती. तिचे चाक वाकले. मुलगा आजीला पाणी देण्यासाठी क्षणभर आत गेला होता, म्हणून गोष्ट सायकलीवरच निभावली.

या प्रसंगात नशिबाला दोष देण्यासारखे काहीच नव्हते. चुका तीन होत्या, आणि कापडी छताच्या बाबतीत जवळजवळ सर्व घरांत त्याच तीन चुका होतात: दिशा पाहिली नव्हती, उतार दिला नव्हता आणि भिंत ओळखली नव्हती.

दिशेचा विचार प्रथम केला पाहिजे, कारण सूर्य सर्व खिडक्यांशी सारखा वागत नाही. नागपूरच्या अक्षांशावर मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात, म्हणजे लोक ज्याला नवतपा म्हणतात त्याच सुमारास, मध्यान्हीचा सूर्य बरोबर डोक्यावर येतो. मुंबईला आणि पुण्याला तो मेच्या मध्यावरच येतो, आणि त्यानंतर जुलैच्या अखेरपर्यंत दुपारी बाराला उत्तरेकडे कललेला असतो. याचा अर्थ असा, की महाराष्ट्रात ऐन उन्हाळ्यात दक्षिणेच्या खिडकीला भर दुपारी फारसे ऊन लागतच नाही. तिथे दीड-दोन फुटांचा सिमेंटचा छज्जाही पुरतो. खरा त्रास पूर्वेच्या आणि त्याहून अधिक पश्चिमेच्या खिडकीला. नागपुरात मेच्या उत्तरार्धात दुपारी चार वाजता सूर्य क्षितिजाच्या वर सुमारे ३७ अंशांवर असतो, पाच वाजता सुमारे २३ अंशांवर. चार फूट उंचीच्या खिडकीवर तीन फूट पुढे आलेले छत असेल आणि त्याची पुढची कड खिडकीच्या माथ्यापासून दीड फूट खाली उतरलेली असेल, तर चार वाजता जवळजवळ सारी खिडकी सावलीत राहते. पाच वाजता मात्र खालचा सव्वा फूट उन्हात येतो. कड वरच राहिली, तर पाचाचे ऊन छताखालून सरळ घरात शिरते. आजींच्या पलंगावरच्या पट्ट्याचे कारण एवढेच होते. शिवाय त्या दिवसांत सूर्य ठीक पश्चिमेला नव्हे, तर वायव्येकडे मावळतो. म्हणून पश्चिमेच्या खिडकीवरचे छत उत्तरेच्या अंगाला एक-दीड फूट अधिक रुंद असावे. पुढच्या कडेला एक सोडता-गुंडाळता येण्याजोगा पडदा जोडला, तर शेवटच्या तासाचीही सोय होते.

अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने दिलेले आकडे असे आहेत, की खिडकीवरच्या छतामुळे उन्हाळ्यात काचेतून येणारी सूर्याची उष्णता दक्षिणेच्या खिडकीत ६५ टक्क्यांपर्यंत आणि पश्चिमेच्या खिडकीत ७७ टक्क्यांपर्यंत कमी होऊ शकते. हे आकडे काचेतून येणाऱ्या उन्हाचे आहेत, खोलीच्या तपमानाचे नव्हेत. गच्चीवरचा स्लॅब तापत असेल तर ती उष्णता निराळ्या वाटेने खाली येणारच. तरीही घराच्या एका उघड्या दाराचा तीन-चतुर्थांश भाग बंद होणे ही लहान गोष्ट नाही.

दुसरी बाब उताराची. ज्या छताने ऊन अडवायचे त्याला पावसाशी काय करायचे आहे, असा प्रश्न सुचतो. पण वळवाला असला भेद कळत नाही. आडव्या कापडावर पडलेले पाणी मध्यभागी साचते, त्याच्या भाराने कापड झोळ खाते, झोळात आणखी पाणी येते. एक चौरस मीटर जागेत सरासरी पाच सेंटिमीटर पाणी साचले तर त्याचे वजन पन्नास किलो होते, म्हणजे पोत्यातल्या धान्याचे होते. म्हणून छताला किमान चार फुटाला एक फूट असा उतार द्यावा. पश्चिमेच्या खिडकीवर तो उन्हासाठीच याहून अधिक लागतो, तेव्हा एका कामात दोन्ही साधते. कापडाच्या पट्ट्यांचे जोड उताराच्या दिशेने वरून खाली यावेत, आडवे नसावेत. आडव्या शिवणीवर पाणी अडते आणि तिथूनच कापड कुजू लागते. वरची कड भिंतीला अगदी चिकटवू नये. चार बोटे फट ठेवली तर छताखाली कोंडलेली गरम हवा वर निघून जाते. नाही तर तीच हवा उघड्या खिडकीतून घरात येते.

तिसरी बाब भिंतीची, आणि जीव याच बाबीत गुंतलेला असतो. वारा दुप्पट वेगाने वाहू लागला की त्याचा जोर दुप्पट नव्हे, चौपट होतो. खालून वारा भरलेले छत हे शीडच असते. ते भिंतीला बाहेर आणि वर ओढते. त्या ओढीला तोंड द्यायचे ते विटेने किंवा काँक्रीटने. वरच्या गिलाव्याने नव्हे. बाहेरचा गिलावा दीड-दोन सेंटिमीटर जाडीचा असतो, आणि त्याच्यातच अडकलेला स्क्रू हा शोभेचा दागिना आहे. खिडकीवरच्या काँक्रीटच्या लिंटेलमध्ये अँकर फास्टनर बसवणे सर्वांत उत्तम. विटेत बसवायचे तर दोन विटांच्या सांध्यात न बसवता अखंड विटेच्या मध्यावर बसवावेत, आणि त्यांची लांबी मोजताना गिलाव्याची जाडी हिशेबात धरू नये. भोक पाडल्यावर त्यातला भुगा फुंकून काढला नाही तर फास्टनर पकड घेत नाही. मातीत किंवा चुन्यात बांधलेल्या जुन्या वाड्यांच्या भिंतींना असले फास्टनर मानवत नाहीत. तिथे भिंत आरपार छेदून आतल्या बाजूला लोखंडी पट्टी देऊन बोल्ट आवळावा, किंवा भिंतीचा नाद सोडून जमिनीवर खांब उभे करावेत. पोकळ विटांच्या भिंतीसाठी रासायनिक अँकर मिळतात; ते काम जाणकाराकडून करून घ्यावे. शेवटी, फास्टनरच्या तोंडाशी मसाला भरून भोक बुजवावे, म्हणजे पावसाचे पाणी भिंतीत उतरत नाही.

वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांसाठी एक सूचना आवश्यक आहे. शिडीवरून किंवा खिडकीतून अर्धे अंग बाहेर काढून हे काम करण्याचा मोह घरातल्या कर्त्या पुरुषाला हमखास होतो. तो टाळावा. कमरेला सुरक्षा-पट्टा बांधून काम करणारा कारागीर बोलवावा. त्याची मजुरी अस्थिरोगतज्ज्ञाच्या बिलापेक्षा नेहमीच कमी असते. जवळून विजेची तार जात असेल तर तिथे लोखंडी चौकट उभारूच नये. सहकारी गृहरचना संस्थेत राहणाऱ्यांनी भिंतीला हात लावण्यापूर्वी संस्थेची लेखी परवानगी घ्यावी. आणि स्प्रिंगच्या हातांनी मिटणारी छते बाजारात मिळतात, त्यांचे हात उघडण्याचा प्रयत्न घरी कोणीही करू नये. त्यांच्यातली ताणलेली स्प्रिंग सुटली तर मनगट मोडू शकते.

नागपूरच्या त्या घराने दुसऱ्या खेपेला तंबू-ताडपत्रीवाल्या कारागिराला बोलावले. कापड कोणते घ्यावे यावर बराच ऊहापोह झाला. जाड सुती कॅनव्हास दिसायला सुरेख. पाणी लागताच त्याचा धागा फुगतो आणि वीण घट्ट होते, म्हणूनच जुने तंबू पावसात गळत नसत. पण तो ओलसर राहिला की बुरशी धरतो आणि कुजतो. प्लॅस्टिकचा थर दिलेले पॉलिएस्टर पाण्याला पक्के, मात्र त्यातून हवा जात नाही. निळी ताडपत्री स्वस्त, पण कडक उन्हात तिचे आयुष्य थोडे. ॲक्रिलिकच्या छतकापडात रंग धागा बनतानाच त्याच्या अंगात मिसळलेला असतो, त्यामुळे तो उन्हाने सहसा विटत नाही. कापड श्वास घेते आणि लवकर वाळते. किंमत मात्र अधिक. घराने तेच निवडले, फिकट रंगाचे, कारण फिकट रंग ऊन परतवतो. शिवणीला सुती दोरा वापरू दिला नाही. उन्हापावसात कापडाच्या आधी दोराच जातो, म्हणून पॉलिएस्टरचा दोरा. कडांना दुहेरी मुडप, वर आणि खाली पाइप ओवण्यासाठी नेफा, दोर अडकवण्याच्या जागी पितळी आयलेट. चौकटीला गंज लागू नये म्हणून आधी रेड ऑक्साइड, मग रंगाचे दोन हात.

या सगळ्या चर्चेत आजींनी फक्त एक प्रश्न विचारला, “हे उतरवता येईल ना रे?” चिरंजीवांना तो प्रश्न विचित्र वाटला. नव्या वस्तूच्या आगमनालाच तिच्या निरोपाची चौकशी कशाला? पण आजींच्या मनात त्यांच्या माहेरचे खळे होते. कोकणात पाऊस सरला की घरापुढच्या खळ्यात मांडव उभा राहतो. पोफळीचे खांब, वर नारळाच्या झावळ्यांचे विणलेले झाप. त्या सावलीत थंडीची आणि उन्हाळ्याची सारी कामे होतात, मुले खेळतात, लग्ने लागतात. आणि मिरग जवळ आला की मांडव उतरतो. उतरवलेला मांडव म्हणजे मोडलेला मांडव नव्हे. ज्याचे साहित्य वेळेवर उतरले, सुकले आणि माळ्यावर गेले, त्याचाच मांडव पुढल्या वर्षी पुन्हा उभा राहतो, हे त्या लहानपणापासून पाहत आल्या होत्या.

सिमेंटचा छज्जा आणि कापडी छत यांतला भेद नेमका येथे आहे. छज्जा एकदा बांधला की त्याचा आपला संबंध संपला. कापड मात्र माणसाकडून थोडी दखल मागते. आणि त्या बदल्यात ते असे काही देते की जे छज्जाला देता येत नाही. नको असेल तेव्हा ते बाजूला होते. दिल्लीतल्या मराठी घराचा अनुभव या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. तिथे डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात मध्यान्हीचा सूर्य अवघा ३८ अंशांवर असतो आणि दक्षिणेच्या खिडकीतून येणारे त्याचे ऊन हे कडाक्याच्या थंडीत मोठे वरदान असते. तिथे पक्के छत बांधणारा उन्हाळ्याशी भांडता भांडता हिवाळ्याचे ऊन गमावतो. कापडी छत असलेला ते दिवाळीनंतर गुंडाळून ठेवतो आणि ऊन घरात बोलावतो.

दखल कोणती, हेही पाहिले पाहिजे. रोजची दखल आकाशाची. वावटळ दिसली, वळवाचे ढग जमले, की छत मिटावे. दिल्लीत आँधी, कलकत्त्यात कालवैशाखी, दख्खनवर वळीव. नावे निरनिराळी, कापडाशी वागणे एकच. घरी कोणी नसताना छत उघडे ठेवून जाऊ नये. वाऱ्याची चाहूल घेऊन आपोआप मिटणारी, विजेवर चालणारी छतेही आता मिळतात. पण वीज वादळातच जाते, हे विसरू नये. सुताचे किंवा तागाचे दोर असतील तर ते भिजल्यावर आखडतात आणि कापडाला ताण देतात. पाऊस येताच ते किंचित सैल करावेत. हे तंबू ठोकणाऱ्या प्रत्येक माणसाला ठाऊक असते.

आठवड्याची दखल धुळीची. मऊ कुंच्याने, कापड कोरडे असतानाच, वरून खाली धूळ झाडावी. बुरशी ॲक्रिलिकचा धागा खात नाही; ती त्याच्यावर साचलेली धूळ, पाने आणि पाखरांची घाण खाते. धूळ गेली की तिचा आहारच गेला. कबुतरांची आणि कावळ्यांची विष्ठा नखाने किंवा सुरीने खरवडू नये. कोमट पाण्याने भिजवून मऊ झाल्यावर पुसावी. छतावर झाडाची फांदी घासत असेल तर ती छाटावी. सतत घासणारी फांदी कापडाला करवतीसारखी कापते.

हंगामातून एक-दोनदा मोठी धुलाई. कोमट पाण्यात सौम्य साबण विरघळवून मऊ ब्रशने दोन्ही बाजू धुवाव्यात, थोडा वेळ मुरू द्यावे, आणि साबणाचा अंशही राहणार नाही इतके स्वच्छ पाणी ओतावे. मागे राहिलेला साबण धूळ धरून ठेवतो आणि कापडाची पाणी झटकण्याची शक्ती घालवतो. धुलाई-यंत्रातले तीव्र चूर्ण, उकळते पाणी आणि इस्त्री ही तिन्ही वर्ज्य. ॲक्रिलिकवर बुरशीचे डाग पडलेच तर सोळा भाग पाण्यात एक भाग ब्लीच आणि थोडा साबण मिसळून, आधी एका कोपऱ्यावर पाहून, मग लावावे आणि भरपूर पाण्याने धुऊन टाकावे. खालच्या कुंड्या आधी हलवाव्यात. सुती कापडावर मात्र ब्लीच वापरू नये. त्याने डागाबरोबर धागाही जातो. सुती छताचा डाग राहिला तर राहू द्यावा. ते कोरडे राहते आहे ना, एवढेच पाहावे. आणि ब्लीचमध्ये संडास धुण्याचे आम्ल चुकूनही मिसळू नये. त्यातून निघणारा वायू विषारी असतो. धुतलेले कापड ताणलेल्या अवस्थेतच वाळवावे. पुढे पाण्याचे थेंब त्याच्यावरून ओघळण्याऐवजी आत मुरू लागले, की पाणीरोधक द्रव्याचा एक हात पुन्हा द्यावा. शिवणीतून पाणी झिरपत असेल तर कोरड्या शिवणीवर मेण घासावे. लहानसे भोक दिसताच त्याच कापडाचे ठिगळ लावावे. म्हणून छत शिवून घेताना हातभर कापड जास्तीचे मागून ठेवणे शहाणपणाचे.

वर्षाची दखल चौकटीची. फाल्गुनात छत चढवण्यापूर्वी प्रत्येक बोल्ट हाताने हलवून पाहावा, सैल असेल तो आवळावा, गंजलेला असेल तो बदलावा. कप्प्यांना आणि सांध्यांना तेल देऊ नये, तेलावर धूळ बसून त्याचा चिखल होतो. सिलिकॉनचा फवारा बरा. मुंबई, गोवा, कारवार, मद्रासचा किनारा, जिथे हवेत मीठ आहे तिथे स्टेनलेस स्टीलचेच बोल्ट वापरावेत आणि चौकट मधूनमधून गोड्या पाण्याने धुवावी. स्वयंपाकघराच्या धुराड्यावर कापडी छत लावू नये. आणि दिवाळीच्या चार दिवसांत, ऑक्टोबरचे ऊन कितीही तापलेले असले तरी, ते मिटून ठेवावे. शेजारच्या मुलाचा अग्निबाण कुठे जाऊन बसेल, हे तो सोडणाऱ्या मुलालाही ठाऊक नसते.

या सर्व नियमांच्या वर एक नियम आहे, आणि तो मोडला तर बाकीचे सारे पाळूनही उपयोग होत नाही. ओले कापड गुंडाळू नये. वादळात नाइलाजाने ते तसे गुंडाळावे लागते. मग दुसऱ्या दिवशी सूर्य वर आला की सर्वांत आधी ते उघडावे. गुंडाळीच्या पोटात ओल आणि ऊब एकत्र आली की दोन-तीन दिवसांत कापडावर काळे ठिपके उमटतात, आणि ते ठिपके मग त्या कापडाचा जन्मभर पिच्छा सोडत नाहीत. पावसाळ्यासाठी छत उतरवताना एक पूर्ण दिवस त्याला उन्हात द्यावा, घडी न घालता पाइपाभोवती सैलसर गुंडाळावे, कारण घडीच्या रेषेवर कापड चिरते. वरून जुने सुती लुगडे किंवा चादर लपेटावी, प्लॅस्टिक नव्हे, कारण प्लॅस्टिकमध्ये ओल कोंडते. गुंडाळी जमिनीवर न ठेवता उंचावर, उंदरांच्या वाटेपासून दूर टांगावी.

नागपूरच्या घरात दुसरे छत मेच्या शेवटच्या आठवड्यात चढले. लिंटेलमध्ये सहा फास्टनर, चांगला दोन फुटांचा उतार, उत्तरेला दीड फूट अधिक रुंदी. नवतप्यातल्या त्या दुपारी खोली थंडगार झाली असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. नागपूरचा उन्हाळा एका कापडाने हरत नाही. पण खिडकीची काच हाताला सोसू लागली, कूलर बंद पडल्यावरही तासभर खोलीत बसता येऊ लागले, आणि आजींची चटई स्वयंपाकघरातून आपल्या जागी परत गेली. ज्यांच्या घरात वृद्ध माणूस आहे त्यांना या शेवटच्या गोष्टीची किंमत सांगावी लागणार नाही. भर उन्हाळ्यात आपल्या खोलीतून उठून दुसऱ्याच्या वावरण्याच्या जागेत पथारी टाकावी लागणे, यात उकाड्याहून निराळे असे एक दुःख असते. ते माणूस बोलून दाखवत नाही.

छत मिटण्याचे काम मुलाने आपणहून मागून घेतले. संध्याकाळी दोर ओढून कापड वर गेले की आजी खिडकी उघडत आणि मावळतीचा वारा आत येई. जूनच्या पहिल्या आठवड्यात एकदा रात्री सर आली आणि छत भिजले. सकाळी शाळेच्या सुट्टीतला मुलगा अजून अंथरुणातच होता. आजींनी त्याला हाक मारली, “उठ बाळा, मांडव वाळत घालायचा आहे.” नागपुरात मांडव कुठला, हे त्याला कळले नाही, पण तो उठला आणि त्याने दोर सोडला. निथळते कापड उन्हात पसरले. चार दिवसांनी, मृगाचे ढग दिसण्याआधी, ते पाइपाभोवती गुंडाळले गेले, आजींच्या एका जुन्या लुगड्यात लपेटले गेले आणि माळ्याच्या आढ्याला टांगले गेले, माठाच्या शेजारी.